पिंपातला जुना डबा

चार वाजता ट्रक येणार होता. त्याच्या आत, आणि मुख्य म्हणजे डेनिका येऊन टपकायच्या आत, युलाली क्वाशीला पिंपाचं झाकण लावून मोकळं व्हायचं होतं.

पिंप खोलीच्या मधोमध उभं होतं. निळं, तिच्या छातीपर्यंत उंच. सप्टेंबरात ते आणून ठेवलं की ब्रुकलिनच्या फ्लॅटबुशमधल्या त्या दोन खोल्यांच्या घरात दोन महिने सगळ्यांनी त्याला वळसा घालूनच वावरायचं. छत्तीस वर्षांत एकाही नाताळाला तिने गावी पिंप पाठवायचं चुकवलं नव्हतं. भरायची रीत ठरलेली. तळाला तांदळाची गोणी, कडेने तेलाच्या बाटल्या, मध्ये डबे, डब्यांवर कपडे, आणि जिथे बोट शिरेल अशी प्रत्येक फट मोज्यांनी, टॉवेलांनी, साबणाच्या वड्यांनी बुजवायची. पोकळी राहिली तर बोटीवर सामान हिंदकळतं, आणि कॅरियाकू बेटाच्या धक्क्यावर पिंप उघडताना बाटली फुटलेली निघाली तर पाठवणारीची अब्रू जाते. दुसरा नियम याहून कडक. कपडे जुने चालतील, पण डबा कोराच हवा. अमेरिकेत राहून हिने फोडलेला डबा पाठवला, हे बोगल्स गाव तीन पिढ्या विसरत नाही.

यंदा युलालीने हा दुसरा नियम मोडला होता.

कपड्यांच्या थराखाली, दूध पावडरच्या एका रिकाम्या डब्यात, कापसात गुंडाळलेली डेनिकाची नाळ होती. तेहतीस वर्षांपूर्वीची, वाळून सुतळीच्या तुकड्यासारखी झालेली. आणि डेनिकाची समजूत अशी होती की आपली नाळ कॅरियाकूच्या अंगणात, नीरफणसाच्या झाडाखाली, आपण जन्मलो त्याच वर्षी पुरलेली आहे. ही समजूत करून दिली होती युलालीनेच.

भावाला, हडसनला, तिने फोनवर बजावून ठेवलं होतं. "तो डबा तू स्वतः काढ. बायकोच्या हाती देऊ नकोस. आणि जानेवारीच्या आत पुरून टाक."

"झाड तर वादळात आडवं झालं, युला," हडसन म्हणाला. "पुरू कुठे?"

"मुळाशी. मुळं आहेत ना जागेवर?"

"मुळं आहेत. कोंबही फुटलेत."

"मग तिथेच."

जानेवारीत डेनिका आपल्या लेकीला, तीन महिन्यांच्या नायलाला घेऊन गावी जाणार होती. नायलाची नाळ तिने जपून ठेवली होती आणि ती तिला स्वतःच्या नाळेशेजारी पुरायची होती. खरं तर तेहतीस वर्षांनी जमिनीत काय उरतं? तिथे कधी काही नव्हतंच, हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण युलालीला ठाऊक होतं. नातीची नाळ मोकळ्या मातीशेजारी जाणार हे तिला सोसलं नाही, म्हणून हा डबा.

"इतकी घाई कसली गं झाकणाची?" वरच्या मजल्यावरची, सगळ्यांची मावशी असलेली टँटी क्लिओफा खुर्चीत ऐसपैस बसून लाल अंबाडीचं सरबत पीत होती. पिंपातले कपडे दाबायला म्हणून ती आली होती आणि दोनदा दाबून दमली होती. "चार म्हणजे सहा धर. बेथेलचा ट्रक कधी वेळेवर आलाय?"

"आज येईल."

"तो आपल्याच गावचा ना? मग कसा येईल वेळेवर?"

युलाली हसली नाही. तिने झाकण उचललं, आणि तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

"मम्मी, थांब! झाकण नको लावूस!"

डेनिका आत आली ती छातीशी बाळ बांधून आणि दोन्ही हातांत ओझी घेऊन. एका हातात ताडपत्रीची जाडजूड घडी, दुसऱ्या हातात उन्हावर चालणाऱ्या दिव्यांची पिशवी. "पावणेतीन तास रांगेत होते. हडसनमामाच्या छपरासाठी. हे आजच गेलं पाहिजे."

"पिंप भरलं. पुढच्या खेपेला."

"पुढची खेप कधी, ईस्टरला? वादळाला चार महिने झाले, मामाच्या पलंगावर अजून पाणी गळतंय. वरचा थर काढते, ही घडी कडेने उभी बसेल."

"तू राहू दे. मी करते."

"का? मला पिंप भरता येत नाही होय?"

"पोरगी तुझ्यापेक्षा बरं भरते, युला," टँटीने ग्लासातला बर्फ हलवला. "गेल्या वर्षी तू भरलेल्यात सॉसची बाटली फुटली. मला हडसनच्या बायकोने मुद्दाम फोन करून सांगितलं."

"हे घे," म्हणत डेनिकाने बाळ सोडवलं आणि युलालीच्या हातात दिलं. दोन्ही हात गुंतले. आता पिंपावर झडप घालायची तर नातीला खाली ठेवावं लागणार, आणि नायला तर नुकती डोळे मिटत होती. युलाली उभी राहिली आणि लेकीच्या हातांकडे बघत राहिली. एक टॉवेल निघाला. मोज्यांची जुडी निघाली. शर्ट. आणखी एक शर्ट.

सोमवारपासून ही पोर दिवसभर युलालीकडे राहायची होती. डेनिकाची रजा संपत होती, शाळेत तिची विज्ञानाची मुलं खोळंबली होती. त्यासाठी युलालीने मॅनहॅटनमधल्या म्हातारीच्या देखभालीचं नऊ वर्षांचं काम सोडलं होतं. बाळाचा पाळणासुद्धा कालच पलंगाशेजारी लागला होता.

पंचविसाव्या वर्षी ती या शहरात आली, तेव्हा लोकांची मुलं सांभाळली, नंतर लोकांचे आईबाप. इथे राहायचे कागद हातात यायला चौदा वर्षं लागली. तोवर बेट सोडून आलेल्या बाईने बेटावर पाऊल ठेवायचं नव्हतं. गेली की परत येता येत नव्हतं. या काळात तिला दोन आवाज फुटले. कामाच्या घरात, बँकेत, शाळेच्या बाईंशी बोलायचा एक, सपाट आणि नाकातला. घरात आल्यावर चपला काढता काढता सुटायचा तो दुसरा. डेनिकाही दोन्ही आवाज ऐकत वाढली, पण तिला दोन्हींकडून मार बसला. ब्रुकलिनच्या शाळेत मुलं तिला बोटीतून उतरलेली म्हणायची. आणि बाराव्या वर्षी पहिल्यांदा कॅरियाकूला नेली, तर तिथे चुलत-मामेबहिणींनी तिला खेळात घेतलं नाही. "यँकी, यँकी," मर्लिन नावाची तिची मामेबहीण फेर धरून ओरडली, "तुझं इथे काय पुरलंय गं?"

पोर रडत स्वयंपाकघरात आली. "मम्मी, माझं इथे काय आहे?"

युलालीचे हात पिठात होते. तिने खिडकीतून नीरफणसाकडे बोट केलं. "तुझी नाळ आहे तिथे. जा, सांग त्यांना."

इतकंच. पिठाचा हात धुवायला लागला त्याहून कमी वेळ लागला. डेनिका गेली, झाडाला पाठ लावून उभी राहिली आणि जे सांगायचं ते सांगून आली. संध्याकाळी ती मर्लिनच्या बरोबरीने दोरीवर उड्या मारत होती. नाळ त्या वेळी ब्रुकलिनमध्ये, युलालीच्या कपाटात, कपड्यांच्या मागे होती.

"मम्मी."

डेनिकाच्या हातात दूध पावडरचा डबा होता.

"हा कुणी घातला? कंपनीच्या डब्याला चिकटपट्टी कशी?" तिने डबा हलवून पाहिला. "आणि हलका आहे की."

"अरे देवा!" टँटी खुर्चीतून पुढे झुकली. "युला, फोडलेला डबा पाठवतेयस? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"राहू दे तो," युलाली म्हणाली. "तसाच ठेव."

"ठेवू कसा? मामी गावभर दाखवत फिरेल. सारा बोगल्स हसेल. थांब, कपाटात नवा असेल तुझ्या."

"डेनिका, ठेव म्हटलं ना!"

तिचा आवाज चढला तशी नायला दचकली. आणि डेनिका थांबली. नुसता फोडलेला डबा असता तर तिने तो मुकाट्याने बदलला असता. पण आई एका डब्यासाठी ओरडतेय, हे काही बरोबर नव्हतं. पिंपाचे नियम तिला आईनेच शिकवले होते, आणि आई ते विसरणारी नव्हती. तिने नखाने चिकटपट्टी सोलली.

आत पिवळा पडलेला कापूस. कापसात सुतळीचा तुकडा. आणि त्याच्याभोवती इस्पितळात बाळाच्या मनगटाला बांधतात तसली प्लास्टिकची एवढीशी पट्टी. शाई विटली होती, पण वाचता येत होतं. क्वाशी, मुलगी. फेब्रुवारी, एक्क्याण्णव.

डेनिकाने ते एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"मी जरा वर जाऊन गॅस बघून येते," टँटी क्लिओफा उठली.

"तुमचा गॅस कालपासून बंद आहे, टँटी," डेनिका पट्टीवरची नजर न काढता म्हणाली.

"तेच बघते, बंद आहे का," टँटी म्हणाली आणि ग्लाससकट निघून गेली.

दार लागलं. खाली रस्त्यावर बसचा ब्रेक कर्कश वाजला.

"झाडाखाली काय आहे मग?" डेनिकाने विचारलं.

"माझी आहे. तुझ्या मामाची आहे. आजीची आहे."

"माझी?"

"नाही."

"तेव्हा कागद नव्हते, असं म्हणणार असशील तर म्हणू नकोस. कागद मी अकरा वर्षांची असताना आले. बाराव्या वर्षी आपण गेलो. मग आजी गेली तेव्हा गेलो."

"आजीच्या वेळी नेली होती," युलाली म्हणाली. तिने बाळाला खांद्यावर घेतलं, थोपटायला काहीतरी हवं म्हणून. "तिला माती दिली त्याच्या तिसऱ्या दिवशी खुरपं घेऊन झाडापाशी बसले. खड्डाही काढला."

"मग?"

"तू अंगणात आलीस. अठराची होतीस. इथल्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होतीस, मोठमोठ्याने हसत होतीस. मला वाटलं, कशाला पुरू हिची इथे? पुरली की ओढ लागते, डेनी. मला विचार ना. छत्तीस वर्षं मी इथे भात शिजवतेय आणि तिथे जेवतेय. कामावरच्या त्या म्हातारीला अंघोळ घालताना मनात हिशेब काय, तर गावी आता तुरी ओल्या असतील. इथली होता आलं नाही, तिथे जाता आलं नाही. म्हटलं, एकीची झाली तेवढी फरफट पुरे. खड्डा बुजवला आणि डबा परत आणला."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू केव्हाच त्या झाडाला पाठ लावून उभी राहिली होतीस. आता काय सांगणार होते?"

डेनिका हसली, पण ते हसणं ऐकवेना. "ओढ लागायची ती लागलीच, मम्मी. फक्त खोट्या जागेची. माझी सासू, टेरेन्सची आई, दर थँक्सगिव्हिंगला विचारते, तू नक्की कुठली गं? आमच्यातली तर वाटत नाहीस. जॉर्जियातली बाई, तिची सात पिढ्यांची थडगी एका गावात. मी ताठ मानेने सांगते, माझी नाळ कॅरियाकूला आहे. मर्लिनच्या तोंडावर सांगितलंय. वर्गातल्या मुलांना सांगितलंय. नवऱ्याशी भांडून मी हिची नाळ इस्पितळातून मागून घेतली. तो म्हणाला, हे काय खूळ? मी म्हटलं, आमच्यात असतं. आमच्यात!"

"असतंच आमच्यात."

"मग माझ्या वेळी कुठे गेलं होतं?"

युलालीने बाळाचं टोपरं नीट केलं. ते नीटच होतं.

"आणि आत्ताही चोरून," डेनिका म्हणाली. "मी जानेवारीत जाणार, माती उकरणार, रडणार. आणि तू इथे बसून फोनवर म्हणणार, छान झालं गं पोरी."

"हो," युलाली म्हणाली. "तसंच म्हटलं असतं."

"सोमवारी हिला तुझ्याकडे ठेवून जायचंय मला. दिवसभर. ही मोठी होईल, रडत येईल, काहीतरी विचारेल. तू खिडकीतून कुठे बोट करशील?"

हा घाव बसला. युलालीने आत पाहिलं. पाळणा आतल्या खोलीत दिसत होता, दोन्ही बाजूंना दोरी बरोबर मापाने बांधलेला.

खाली भोंगा वाजला. लगेच जिन्यावर जड पावलं आणि बेथेलचा आवाज. "मिस क्वाशी! ट्रक भर रस्त्यात लावलाय, मागे बसवाला शिव्या घालतोय. चला, चला!"

चारला पाच मिनिटं कमी होती.

डेनिकाने डोळे पुसले नाहीत. तेवढा वेळच नव्हता. कापसासकट नाळ आणि पट्टी तिने आपल्या जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवली, चेन ओढली. "ही माझी. माझ्याकडे राहील."

"बरोबर आहे."

मग ती पिंपाकडे वळली आणि भरायला लागली. ताडपत्री कडेने उभी, तिच्या पोटात दिवे, दिव्यांभोवती शर्ट. हात रागाने चालत होते, पण चुकत नव्हते. बेथेल ढकलगाडी घेऊन दारात आला आणि दोघींचे चेहरे पाहून उंबऱ्यातच थांबला.

"जानेवारीत तू येणार आहेस माझ्याबरोबर," डेनिका पिंपात वाकूनच म्हणाली.

"मी?"

"तू. अंगणात उभी राहून सांगायचंस. मामासमोर, मामीसमोर, मर्लिनसमोर. डेनिकाची नाळ मी पुरली नव्हती, मी खोटं बोलले, असं. मग ती तिथे पुरायची, का परत इथे आणायची, का आणखी काही करायचं, ते मी ठरवेन. तू नाही."

"पंधरा वर्षांत गेले नाही मी. आणि जायचं तेही हे सांगायला? गावात माझं नाव आहे, डेनी."

"माझं नव्हतं," डेनिका म्हणाली.

बेथेलने घसा खाकरला, पिंपाजवळ येऊन त्याला बाजूने एक थाप मारली आणि मान हलवली. "इथे पोकळ वाजतंय. बोटीवर हिंदकळेल, हं. काहीतरी घाला."

डबा होता तिथेच ती पोकळी होती. डेनिकाने इकडेतिकडे पाहिलं. टॉवेल संपले होते, मोजे संपले होते. "मम्मी, काही आहे का?"

खाली बसवाल्याने भोंगा दाबला तो सोडेचना. नायला युलालीच्या खांद्यावर जागी झाली आणि कुरकुरली.

मग युलालीने बाळ लेकीच्या हातात दिलं आणि आत गेली. पलंगाखालचं खोकं ओढल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कॅनव्हासचे जुने बूट होते, आईला माती दिली तेव्हा गावी घातलेले. पंधरा वर्षं ते धुतले नव्हते. तळव्यांच्या खाचांत अंगणातली माती दगडासारखी बसली होती. तिने एकाचा तळवा दुसऱ्याला लावला, दोन्ही पोकळीत खुपसले आणि मनगटाने दाबले. घट्ट बसले.

"हे जुने कुणासाठी हो, मिस क्वाशी?" बेथेलने विचारलं.

"माझेच आहेत. जानेवारीत तिथे लागतील."

डेनिकाने आईकडे पाहिलं. बेथेलने झाकण ठेवलं, लोखंडी कडं भोवती फिरवलं आणि ठोसा मारून बसवलं. युलालीने काळ्या पेनने पिंपावर नाव घातलं. हडसन क्वाशी, बोगल्स, कॅरियाकू. पिंप ढकलगाडीवर कललं, दारातून निघालं, जिन्याच्या एकेका पायरीवर धप्प धप्प आपटत खाली गेलं. आतून काही हिंदकळल्याचा आवाज आला नाही.

मधली जागा मोकळी झाली होती, तरी दोघी तिला वळसा घालूनच चालल्या. डेनिकाने बाळ पुन्हा छातीशी बांधलं, पिशवी उचलली.

"तिकीट मी नाही काढणार तुझं."

"मी काढते. सोमवारीच काढते."

"मी तुला माफ नाही केलंय."

"माफी मी मागितलीही नाही अजून. ती तिथे मागेन."

रोज निघताना डेनिका आईच्या गालाला ओठ लावायची, आज तशीच निघाली. दारात मात्र थांबली. जाकिटावरून, आतल्या खिशावर, तिचा हात होता.

"सोमवारी सातला आणते हिला. तयार राहा," ती म्हणाली. "आणि सात म्हणजे सात, मम्मी. आपल्या गावचे सात नाही."